औषध लागलं

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिठाची चक्की आहे. तिच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ राहत. चक्की सुरू असली की त्यांच्या घरातली भांडी किणकिणत. कोणी पाहुणा दचकला तर बहीण म्हणे, "घाबरू नका, आमची भांडी बोलकी आहेत. घरात कोणीतरी बोलायला नको का?" हा टोमणा भावासाठी असे. भाऊ तो ऐकून नुसता मान हलवी.

बहीण शिंप्यांच्या दुकानांसाठी हाताने काजं करून देई. काजाची मशीन येऊन बरीच वर्षं झाली, तरी चांगल्या कोटाला हातचंच काज हवं म्हणणारे शिंपी अजून आहेत. ते कपड्यांचे गठ्ठे पाठवत आणि बहीण खिडकीत बसून एकेक काज भरी. त्यावरून गल्लीत त्यांचं नाव काजताई पडलं होतं. मी नुसतं ताई म्हणे. वयाने आम्ही बरोबरीच्या, पण त्यांच्याशी बोलताना 'ताई' आपोआप तोंडात येई.

भाऊ शहराच्या रोपवाटिकेत माळी होता. बोलणं इतकं कमी की तिथल्या लोकांनी त्याला अबोलीराव करून टाकलं होतं. "कसा आहेस?" विचारलं तर "आहे" म्हणे. "जेवलास का?" विचारलं तर नुसतं पोटावरून हात फिरवी. माझी एक मोगऱ्याची कुंडी मरायला टेकली होती, तेव्हा ताईंनी त्याला माझ्याकडे आणलं. त्याने मातीत बोट खुपसलं, वास घेतला आणि म्हणाला, "पाणी."

"कमी पडतंय की जास्त?" मी विचारलं.

त्याने तळवा आडवा धरला. मागून ताई म्हणाल्या, "जास्त होतंय म्हणतोय. एक दिवसाआड घाला म्हणतोय. आणि कुंडी भिंतीपासून लांब ठेवा, भिंत तापते म्हणतोय."

"एवढं सगळं तो कधी म्हणाला?"

"म्हणणार होता," ताई म्हणाल्या.

त्याने मान डोलावली. म्हणजे बरोबर होतं.

आई गेली तेव्हा तो रांगत होता आणि ताई शाळेतून नुकत्या निघालेल्या. त्यांनीच त्याला वाढवलं. लग्न राहून गेलं. ते का राहिलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंच तर "कोणाला काज जुळलं नाही" असं हसून म्हणत. भाऊ मोठा झाल्यावर काही वर्षं दूर कुठे कामाला होता. परत आला तो आणखी गप्प होऊन. रोपवाटिकेत चिकटला आणि मग इथलाच झाला. कामाचं काही घरी सांगत नसे. खुरपं, कात्री, झारी जशी तिथल्या खोलीत ठेवून येई, तसे दिवसभराचे शब्दही तिथेच ठेवून येई.

मी कधी कधी रोपवाटिकेत जाई. घरी न दिसणारा माणूस तिथे दिसे. अनवाणी, ओल्या मातीत घोट्यापर्यंत पाय, मांडीवर खुंटाचं रोप, आणि हातातल्या बारीक चाकूने तो साल उचलून त्यात कलमाचा डोळा बसवत असे. रोपांना पाणी घालणारी एक बाई त्याच्याबरोबर होती. तिची जीभ सतत चालू. "साहेबांनी सगळ्यांना बूट दिलेत बाई, याचे बघा," ती त्याच्याकडे बोट दाखवून म्हणे. बूट खिळ्याला टांगलेले असत, कोरे. "म्हणतो, पायाला माती कळत नाही बुटात. म्हणजे म्हणत नाही, पण मला कळतं. दोघांच्या वाटचं मीच बोलते, म्हणून माझा घसा बसतो."

तो खाली मान घालून हसे. डोळा बसवून पट्टी बांधून झाली की रोप सावलीत ठेवी. काही दिवसांनी पट्टी सोडून बघायचं. डोळा हिरवा असला की रोपवाटिकेत म्हणतात, लागलं. वाळला असला की म्हणतात, गेलं. दिवसभरात त्याच्या तोंडून जे चारदोन शब्द निघत त्यांत हे दोन जास्त.

मग तो वाळत चालला. पट्टा आत आत बांधायला लागला. ताप येई, जाई. कमरेवर खाज सुटे, आणि कातडीवर लाल वळसे घेत जाणारी बारीक रेघ उठे. सकाळी एका जागी, संध्याकाळी चार बोटं पुढे. ताई मला म्हणाल्या होत्या, "कोणी आतून धावदोरा घातल्यासारखं दिसतं हो." त्यांनी तेल लावलं, पाला लावला. रेघ आपोआप विरून जाई आणि पुन्हा कधीतरी उठे. अशी ती कित्येक वर्षं येत-जात होती, त्यामुळे तिची कोणी फारशी पर्वा केली नाही.

शेवटी सरकारी दवाखान्यात रक्त तपासलं आणि एचआयव्ही निघाला.

त्या दिवशी मी ताईंकडेच होते. तो आला, उंबऱ्याशी उभा राहिला. त्याने सांगितलं तेही दोनच शब्दांत. ताईंनी हातातलं काज पुरं केलं, दोरा तोडला, सुई सुयांच्या गादीत खोचली आणि मग त्याच्याकडे बघितलं.

"औषध आहे का त्यावर?"

"आहे. रोज. जन्मभर."

"मग झालं तर. लोक साखरेचं घेतात, दाबाचं घेतात, तू हे घे."

तो तसाच उभा. बहुतेक त्याला काहीतरी सांगायचं होतं. ताई म्हणाल्या, "कुठून, कधी, ते मला नको. गोळी किती वाजता ते सांग." आणि मग, आवाज न बदलता, "एक लक्षात ठेव. या घरात मोठं माणूस आधी जाणार. मी आधी, तू मागून. रांग मोडायची नाही."

तो म्हणाला, "बरं."

हे काही थट्टेत बोललेलं नव्हतं. ताईंना पाठीमागे कोणी नव्हतं. त्याला मातीआड करून एकटीने त्या भांड्यांचा आवाज ऐकत बसायचं, ही एकच भीती त्यांना आयुष्यात होती. बाकी कशाला त्या भीत नसत. गल्लीत कुजबुज झाली. एक शेजारीण कप परत घेताना तो पदराने धरू लागली, तेव्हा ताईंनी तो कप तिच्यासमोर धुतला आणि स्वतःच त्यातून पाणी प्यायल्या. "असल्या आजाराला कपातून यायला वेळ नाही," एवढंच म्हणाल्या.

गोळ्या ताईंच्या ताब्यात आल्या. बटणांच्या डब्याशेजारी एक डबी ठेवली. ठरल्या वेळी त्या तळहातावर गोळी धरत आणि तो ती उचलून तोंडात टाके. त्याने कधी गोळीकडे निरखून बघितलं नाही. लहानपणापासून त्या हातातून जे आलं ते त्याने खाल्लं होतं.

पुढचं सगळं मला मागाहून कळलं. त्या सुमाराला मुलीचं बाळंतपण होतं म्हणून मी दूर तिच्याकडे होते. थोडं ताईंनी सांगितलं, थोडं त्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या सुरू करताना त्याला विचारलं होतं, पोटाचं काही? खाज, पुरळ? तो म्हणाला, "विशेष नाही." धावदोऱ्याची गोष्ट त्याने सांगितली नाही; तो त्याच्या अंगाचा भागच झाला होता. शौचाची तपासणी झाली, तीत काही सापडलं नाही. जे होतं ते फार बारीक होतं, आणि प्रत्येक वेळी दिसेलच असं नव्हतं. ओल्या मातीत असणारा, दोऱ्याएवढा जंत. तळपायाच्या कातडीतून आत शिरतो, आतड्यात घर करतो, तिथेच पिल्लं घालतो आणि तीच पिल्लं पुन्हा अंगात शिरत राहतात. एकदा आला की माणसाबरोबर म्हातारा होतो. कोणाला पत्ता लागत नाही, कारण तो फार सभ्य पाहुणा असतो. घरमालकाला जाग येणार नाही इतपतच वावरतो.

गोळ्या सुरू होऊन काही आठवडे गेले. त्याचं वजन थोडं वाढलं, आणि अचानक ताप चढला, अंगावर पुरळ उठलं, खोकला सुरू झाला. तो एकटाच दवाखान्यात गेला. ताईंना एका लग्नाच्या कोटांची घाई होती.

डॉक्टरीणबाईंनी रक्ताचे आकडे बघितले. ते चांगले होते. त्यांनी त्याला समजावून सांगितलं. शरीरात पहारेकरी असतात. हा विषाणू नेमका त्यांच्यातल्या हाक देणाऱ्यांना मारतो, म्हणून घरात कोण शिरलं, कोण नाही, याची ओरडच होत नाही. आता गोळ्यांमुळे ते पहारेकरी परत यायला लागले आहेत. परत आल्यावर ते घर तपासतात. आत कोणी जुना घुसखोर बसलेला असेल तर त्याच्यावर तुटून पडतात. हा ताप, हे पुरळ म्हणजे ती झटापट असावी. "औषध लागू पडतंय तुम्हाला," त्या म्हणाल्या, "म्हणून हा त्रास. घाबरू नका. गोळ्या बंद करायच्या नाहीत. दुकानातून दुसरं काही आणून खायचं नाही. मी पुन्हा तपासणीला देते. कमरेवरच्या या रेघेचा मला संशय आहे. पुढच्या आठवड्यात या, मग आतल्या पाहुण्याचंही औषध देईन."

"रोप उपटून दुसरीकडे लावलं की आधी मान टाकतं," तो म्हणाला होता. डॉक्टरीणबाईंना हे वाक्य पक्कं आठवत होतं, कारण त्याने आपण होऊन बोललेलं ते एकच वाक्य. त्या म्हणाल्या, "अगदी तसंच." त्याला सगळं कळलं होतं.

तिथून तो रोपवाटिकेत जाऊन मग घरी आला. ताई खिडकीत होत्या, मान खाली, कोटाच्या कडेवर टाका चालू.

"काय म्हणाली डॉक्टरीण?"

"औषध लागलंय," तो म्हणाला. "पुढच्या आठवड्यात बोलावलंय." आणि अंगात ताप होता म्हणून आत जाऊन पडला.

डॉक्टरीणबाईंचं एवढं मोठं बोलणं त्याने एका शब्दात आणलं. त्याच्या धंद्यात तो शब्द फार मोठा होता. ते ऐकायला माळी आठवडाभर थांबतो. ताईंच्या धंद्यात लागते ती सुई. आणि घरात आपण काय काय म्हणतो? ऊन लागलं, ठेच लागली, दृष्ट लागली. या आजाराबद्दल गल्लीतली माणसं बोलत तीही 'लागण' म्हणत. समोर माणूस फणफणलेला, अंगभर पुरळ, आणि तो म्हणतोय औषध लागलंय. ताईंनी उरलेलं वाक्य मनात पुरं केलं, जसं त्या नेहमी करत. औषध बाधलंय म्हणतोय. सोसत नाही म्हणतोय. पुढच्या आठवड्यात बोलावलंय, म्हणजे तोवर काय, मरू दे?

त्यांनी डबी उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली.

मग त्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदार ओळखीचा, त्याच्या शर्टांची काजं यांनी केलेली. "भावाला ताप आहे, अंगावर उठलंय, खोकला आहे, खाणं गेलंय. जुनं औषध लागलंय त्याला," त्या म्हणाल्या. आजाराचं नाव त्यांनी सांगितलं नाही. दुकानदाराने लहान पांढऱ्या गोळ्या दिल्या. म्हणाला, "हिने पुरळही जाईल आणि भूकही येईल. ताकदीची समजा."

त्या दिवसापासून ठरल्या वेळी तळहातावर ती गोळी आली. त्याने उचलून तोंडात टाकली.

आणि गुण आला. वाईट वाटतं ते याचंच. गुण नसता आला तर त्या घाबरून दवाखान्यात धावल्या असत्या. दोन दिवसांत ताप उतरला, पुरळ मावळलं, तो बसून पोटभर जेवला. ताईंनी कोट शिंप्याकडे पोचवले आणि येताना गल्लीत थांबून चक्कीवाल्याशी गप्पा मारल्या. चक्कीवाला म्हणाला, "भाऊ गुबगुबीत दिसायला लागला की." ताई म्हणाल्या, "माझ्या हाताला गुण आहे. डॉक्टरांना शिकायला खूप वेळ लागतो." तोंडावर तकाकी आली होती त्याच्या. तो कामावर जायला लागला.

पुढचा आठवडा आला तेव्हा तो म्हणाला, "दवाखाना."

"बरा आहेस ना? मग कशाला रांगेत उभा राहतोस? तिथे गेलास की आजार आठवतो."

तो थोडा घुटमळला. रोपवाटिकेत रोपं बदलायचं काम निघालं होतं. तो तिकडे गेला. आपण डॉक्टरांच्याच गोळ्या खातोय अशी त्याची खात्री होती, आणि त्या घेऊन आपण बरे झालोय हेही तो बघत होता. त्याच्या बाजूने सगळं सरळ होतं.

मी परत आले त्याच्या दुसऱ्या दिवशी ताई माझ्या दारात उभ्या. पायात चप्पल नव्हती. "बाई, चला. तो श्वास घेत नाहीये नीट."

दवाखान्यात त्याला आडवं करता येत नव्हतं, उशा लावून बसवलं होतं. पोट फुगलेलं, ओठ निळसर. डॉक्टरीणबाईंनी त्याच्या थुंकीची तपासणी करून घेतली आणि मला बाजूला बोलावलं. जंताची पिल्लं थुंकीत होती. आतड्यातून निघून ती फुप्फुसात, सगळ्या अंगात पसरली होती, आणि जाताना आतड्यातली घाण रक्तात घेऊन गेली होती.

"गोळ्या चालू होत्या ना?" परत येऊन त्यांनी ताईंना विचारलं.

"त्या बंद केल्या. त्याला लागल्या होत्या. दुसऱ्या देत होते." ताईंनी पदराच्या गाठीतून पांढऱ्या गोळीचं पाकीट काढलं.

डॉक्टरीणबाईंनी पाकीट उलटंसुलटं करून बघितलं. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "गोळ्या चालू केल्या की काहींना त्रास होतो," एवढंच म्हणाल्या, आणि पलंगाकडे वळल्या. जंताचं औषध त्यांनी सुरू केलं, नळ्या लावल्या, करण्यासारखं होतं ते सगळं केलं.

मी नंतर त्यांना विचारलं. शाळेत आयुष्य गेल्यामुळे मला समजून घेतल्याशिवाय राहवत नाही. त्या बाकावर माझ्याशेजारी बसल्या आणि सांगू लागल्या. त्या स्वतःलाही सांगत होत्या असं मला वाटलं.

"जंताशी लढायची शरीराची रीत वेगळी आणि विषाणूशी लढायची वेगळी," त्या म्हणाल्या. "जंत वर्षानुवर्षं आत बसला की शरीराचं सगळं लक्ष त्याच्या रीतीत अडकतं. शिवाय तो पहारेकऱ्यांना जरा गुंगीतच ठेवतो, कारण त्याला आत राहायचं असतं. पूर्ण झोपूही देत नाही, सारखं डिवचत असतो. आणि या विषाणूला अशा डिवचलेल्या पेशीच हव्या असतात, त्यांच्यातच त्याची पैदास जोरात होते. म्हणजे एकाने दार उघडं ठेवायचं आणि दुसऱ्याने आत यायचं. दोघांची एकमेकांशी ओळख नाही, पण संगनमत केल्यासारखं चालतं."

"आणि ती पांढरी गोळी?"

"ते स्टेरॉइड आहे. गोळी वाईट नाही. मीसुद्धा कित्येकांना देते. सूज उतरवते, भूक आणते. पण ती पहारेकऱ्यांना झोपवते. म्हणून ताप गेला, पुरळ गेलं. झटापट थांबली, कारण एक बाजूच झोपली. यांचे पहारेकरी आधीच कमी, आत्ता कुठे उठत होते. त्यात आमच्या गोळ्याही बंद. जंताला रान मोकळं झालं. मी यांना सगळं सांगितलं होतं हो. का बंद केल्या असतील?"



तो फार दिवस राहिला नाही. शुद्धीत असताना एकदा त्याने ताईंचा हात उलटा केला आणि तळवा बघितला, जणू गोळीची वेळ झाली होती. ताई म्हणाल्या, "आता डॉक्टरच देतात रे, सुईतून." त्याने मान डोलावली. दुपारी, दवाखान्यातली माणसं जेवायला गेलेली असताना, तो गेला. त्याच्या अंगावरच्या दवाखान्याच्या सदऱ्याचं एक बटण सुटलं होतं, ते ताई लावू बघत होत्या. काज फाटलेलं होतं, बटण राहत नव्हतं. त्या पुन्हा पुन्हा लावत होत्या. शेवटी मी त्यांचा हात धरला.

त्यानंतर रोपवाटिकेतली माणसं भेटायला आली. साहेब आले, थोडा वेळ टेकून गेले. पाणी घालणारी मागे थांबली. ती पहिल्यांदाच या घरात आली होती. खाली चक्की सुरू होती आणि भांडी किणकिणत होती. तिला गप्प बसवेना.

"आम्हाला खरंच वाटत नाही ताई," ती म्हणाली. "तो दवाखान्यातून परस्पर कामावर आला होता ना, त्या दिवशी किती खूश. अंगात ताप होता, पण तोंड असं उजळलेलं. मी म्हटलं, काय रे, काय म्हणाली डॉक्टरीण? तर म्हणतो, औषध लागलं. आणि हसला. दात दिसले त्याचे. मी एवढ्या वर्षांत बघितले नव्हते. मी म्हटलं, मग चहा पाज. तर पाजलान सगळ्यांना."

ताईंनी मान वर केली. "काय म्हणाला?"

"औषध लागलं म्हणाला."

"लागलं, आणि हसला?"

"हसणार नाही तर काय? आमच्यात म्हणतात ना, कलम लागलं, रोप लागलं. म्हणजे धरलं. आता जगणार." बोलता बोलता तिला आपणच काय बोललो ते जाणवलं आणि ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. ती त्याच्यासाठी रडत होती. ताईंच्या तोंडाकडे तिचं लक्ष नव्हतं. माझं होतं. चेहऱ्यात काहीच हललं नाही. फक्त हातातली सुई त्यांनी गादीत खोचायची ती बोटात खोचली आणि त्यांना ते कळलं नाही. मी बोट बाजूला घेतलं, रक्त पुसलं.

ती गेल्यावर ताई म्हणाल्या, "बाई, तुम्ही भाषा शिकवायचात. एका शब्दाचे दोन अर्थ असले तर मुलांना काय सांगायचात?"

"पूर्ण वाक्य वाचा म्हणायचे."

"तो कुठे पूर्ण वाक्य बोलायचा." मग म्हणाल्या, "मी बोलू दिलं नाही. उरलेलं मीच बोलायचे. एवढी वर्षं बरोबर यायचं ते."

मी म्हटलं, ताप बघून कोणीही घाबरलं असतं. म्हटलं, जंत जुना होता, आजार मोठा होता. हे सगळं खरं होतं आणि त्यातलं काही त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. त्यांनी विचारलं, "मी विचारायला हवं होतं ना, लागलं म्हणजे काय रे? एवढंच." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. खोटं बोलून त्यांचं समाधान झालं नसतं. त्यांना माझा आवाज ओळखता येई.

काही दिवसांनी त्या म्हणाल्या, "दवाखान्यात जायचंय. तुम्ही चला." मला वाटलं त्यांना स्वतःला काही होतंय. त्यांनी धुतलेली साडी नेसली, आणि आम्ही त्या जिन्याने वर गेलो, जिथे भिंतीला टेकून माणसं नंबरची वाट बघत बसलेली असतात. आम्हीही बसलो. नंबर आल्यावर आत गेलो.

डॉक्टरीणबाई उभ्या राहिल्या. "बसा ना ताई."

"नको, बाहेर माणसं आहेत. तुम्ही विचारलं होतं, गोळ्या चालू होत्या ना. तेव्हा मी नीट उत्तर दिलं नव्हतं." आणि ताईंनी सांगितलं. तो काय म्हणाला, त्यांनी काय ऐकलं, पाणी घालणारी काय म्हणाली. एकही शब्द त्यांनी वाढवला नाही, स्वतःला बोलही लावला नाही. कापडावर खूण करून द्यावी तसं सांगितलं. "म्हणजे तुम्ही सांगितलं होतं. त्यालाही कळलं होतं. तुमच्या मनात काही राहू नये, म्हणून आले."

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. त्यांचं वय किती लहान आहे ते मला तेव्हा दिसलं. "मी त्यांना एकट्यालाच सांगितलं," त्या म्हणाल्या. "गोळ्या देणाऱ्या तुम्ही होतात. तुम्हाला बोलवायला हवं होतं."

"मला कोट द्यायचे होते," ताई म्हणाल्या. "बोलावलं असतंत तरी आले नसते."

ताईंनी पदर सारखा केला. "पुढच्याला आत सोडा," म्हणाल्या, आणि आम्ही बाहेर आलो.

दाराशी एक म्हातारी बसली होती, शेजारी तिचा वाळलेला मुलगा. तिने ताईंना विचारलं, "बरी आहे का हो डॉक्टरीण? पहिल्यांदाच आलोय."

"बरी आहे," ताई म्हणाल्या. "समजावून सांगते. तुम्हीही आत जा त्याच्याबरोबर, एकट्याला सोडू नका. आणि नाही कळलं तर पुन्हा विचारा."

म्हातारी म्हणाली, "रागावत नाही ना?"

"नाही रागावत," ताई म्हणाल्या आणि कठड्याला धरून जिना उतरायला लागल्या.